शुक्रवारचा नकार

“नाही,” आपा म्हणायच्या, “आता बोल.”

आलेल्या माणसाने अजून चपलाही काढलेल्या नसायच्या. दार उघडून आपा हाताचा पंजा वाहतूक पोलिसासारखा पुढे धरायच्या, नकार द्यायच्या आणि मग बाजूला होऊन आत ये म्हणायच्या. ओळखीची माणसं हसत आत शिरत. नवीन माणूस मात्र दारातच घुटमळे. आपण चुकीच्या मजल्यावर तर आलो नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघे. पहिल्या दिवशी मी तर अर्धा जिना उतरूनही गेलो होतो. आपांनी वरून हाक मारली, “अरे, एवढ्या नकाराने खाली उतरलास, तर खऱ्या नकाराला काय विमानात बसशील?”

मस्कतच्या हमरिया भागात एका शिंप्याच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ओमानात शुक्रवारला जोडून असलेली गुरुवारची सुट्टी जाऊन शनिवारची आली, त्या सुमाराची ही गोष्ट. दर शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपलं की तिथे आमचा वर्ग भरायचा. वर्ग म्हटलेलं आपांना खपत नसे. परक्या देशात माणसं जमवून सभा भरवायची सोय नव्हती आणि आमच्यापैकी कोणाला तशी हौसही नव्हती. “हा चहा आहे,” त्या बजावायच्या. “कोणी विचारलं तर चहा प्यायला आलो सांगायचं. आणि ते खोटं ठरू नये म्हणून चहा टाकून कोणी उठायचं नाही.” त्या चहाबरोबर आम्ही शिकायचो ते एकच, आरोग्याची गोष्ट वरच्या माणसाकडे मागायची कशी. कॅम्पच्या क्लिनिकची वेळ, साइटवर प्यायच्या पाण्याची जागा, उन्हातल्या कामाचे नियम, असल्या बाबी. एसीत बसून ऐकणाऱ्याला त्या किरकोळ वाटतात. मलाही तेव्हा वाटायच्या.

आता गंमत बघा. शुक्रवारी लोकांना मागायला शिकवणारी ही बाई आठवडाभर काय करायची? जवळच्याच रुवी भागातल्या एका विमा कंपनीत उपचारांना मंजुरी देण्याच्या विभागात बसायची. मंजुरीचा विभाग असं म्हणायचं आणि दिवसभर नामंजुरी द्यायची, असं ते काम. एकदा त्यांचा डबा माझ्या गाडीत राहिला, तो द्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेलो. आपा फोनवर होत्या. आवाज मऊ, एकसारखा, इस्त्री केल्यासारखा. पॉलिसीत बसत नाही, क्षमा असावी, पॉलिसीत बसत नाही. पलीकडचा माणूस बहुधा रडकुंडीला आला होता. आपांचा आवाज काही बदलला नाही. फोन ठेवून, पाणी पिऊन त्यांनी डबा घेतला आणि मला म्हणाल्या, “भाजी आंबली असेल. तू खाल्ली का नाहीस?”

मी चक्रावून बाहेर आलो. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली, तरुणपणी नर्स झालेली बाई. नवऱ्यामागे मस्कतला आली, नवरा गेला, मुली लग्न होऊन गेल्या. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण फोनवरची ती बाई आणि हमरियातली बाई एकच कशी, हे कोडं मला सुटत नसे. मी त्यांना एकदा तोंडावर विचारलंही. त्या म्हणाल्या, “दिवसातला पहिला नकार जड जातो. मग नाही जात.” एवढं बोलून चहात आलं किसायला लागल्या.

मी मस्कतच्याच गाला भागातल्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. चळवळ, मागणी, निवेदन या शब्दांपासून मी आयुष्यभर लांब राहिलेला माणूस. महादेवमुळे तिथे ओढला गेलो, त्याचं पुढे सांगतो. पहिल्या शुक्रवारी आपांनी मला उभं केलं आणि स्वतः मॅनेजर होऊन खुर्चीत बसल्या. मी खाकरून माणुसकीवर बोलायला लागलो. मला वाटतं, बरं बोललो. आपांनी मध्येच मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “मला जेवायला जायचंय. तुझं काय काम होतं?” सगळे हसले. माझं काम काय होतं ते मला खरोखरच सांगता आलं नाही.

मग मला गृहपाठ मिळाला. खालच्या कॅफेटेरियात करक चहा मिळायचा, पाकातला म्हणावा इतका गोड. तिथे येणाऱ्या अर्ध्या ड्रायव्हरांना साखरेचं दुखणं. तर त्या कॅफेटेरियावाल्याने साखर वेगळी द्यावी, हे त्याच्याकडून मी मिळवून आणायचं. मी गेलो. गल्ल्यावरच्या माणसाला मधुमेहाविषयी जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बिनसाखरेचा करक म्हणजे करकच नव्हे, असं सांगून मला दोन परोठे विकले. मी परोठे घेऊन वर आलो.

आपा परोठ्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, “साखर पातेल्यात पडते. सकाळी, दूध चढवताना. तू बोललास गल्ल्यावरच्याशी. पातेलंवाला कुठेय?”

मी म्हटलं, तो आत असतो, त्याला हिंदी येत नाही.

“मग मल्याळी येणारा माणूस शोध. आणि त्याला साखरेचं दुखणं आहे का विचारू नकोस. त्याच्या बापाला आहे का विचार.”

मी विचारलं. बापाला होतं. त्यानंतर तिथे एक लहान पातेलं वेगळं चढायला लागलं, आणि मी काही दिवस स्वतःला फार मोठा माणूस समजत हिंडलो. घरी बायको म्हणाली, एवढं डोकं चालतं तर आपल्या बिल्डिंगची टाकी साफ करून घे. तिथे मात्र माझं काही चाललं नाही.

आता महादेव. तो आमच्याच कंपनीत शटरिंगचा सुतार होता. खेड तालुक्यातला, माझ्या आजोळच्या शेजारच्या गावचा, म्हणून मला भाऊ म्हणायचा. तो कंपनीच्या कॅम्पात राहायचा. कॅम्पात क्लिनिक होतं, नर्स होती, औषधंही होती. पण आत जायचं तर फोरमनची पर्ची लागायची. आदल्या उन्हाळ्यात महादेवला साइटवर चकरा यायला लागल्या, लघवी लाल व्हायला लागली. फोरमनला वाटलं, कामाची टाळाटाळ. शिफ्ट संपल्यावर जा म्हणाला. शिफ्ट संपेपर्यंत क्लिनिक बंद. असं करता करता एका सकाळी महादेव फळ्यांच्या ढिगाशेजारी कोसळला. मोठ्या सरकारी इस्पितळात मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी त्याला उभं केलं, पण बजावून सोडलं, पुन्हा असं वाटलं तर त्याच तासाला दाखव, नाहीतर मूत्रपिंड हातचं जाईल. आता तो कामावर परतला होता. गावी जाऊन बसणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. पुढचा उन्हाळा येणार होता आणि पर्ची जिथल्या तिथे होती. म्हणूनच मी आपांचा जिना चढलो होतो.

मला वाटलं होतं, आपा स्वतः एखादं खरमरीत इंग्रजी पत्र ठोकतील. त्या म्हणाल्या, मागणार महादेव. हे ऐकून महादेवला घाम फुटला. मुदीरच्या, म्हणजे आमच्या मोठ्या मॅनेजरच्या, केबिनसमोरून जातानाही तो पावलं न वाजवता जायचा.

मग शुक्रवारमागून शुक्रवार तालीम सुरू झाली. आपा खुर्चीत मुदीर, महादेव समोर उभा, मी आणि आणखी कोण असतील ते पलंगावर प्रेक्षक. सुरुवातीला महादेव बोलण्याआधी हात जोडायचा. आपा त्याचे हात खाली करायला लावायच्या. “हात जोडलेस की तो तुला माफ करेल. तुला माफी हवीय का?” मग त्याने दुखण्याची सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, तीही आपांनी तोडली. दुखणं तुझं, नियम सगळ्यांचा, नियमाचं बोल. हळूहळू सगळं मिळून एकच वाक्य उरलं. त्या वाक्यावर आपा मुदीरच्या तोंडून नकार द्यायच्या. “पर्ची हटाई तो सारा कॅम्प क्लिनिक में जाकर बैठेगा.” आणि महादेव मान डोलावून म्हणायचा, “हां साब, वो भी बराबर है.”

“तू कोणाच्या बाजूचा रे?” मी पलंगावरून ओरडायचो. तो खजील व्हायचा. पण आपा इतकं पटेल असं नाकारायच्या की मलाही क्षणभर वाटायचं, खरंच की, सगळा कॅम्प जाऊन बसला तर? बरं, त्यांना हे नकार घडवावे लागत नसत. आपसूक यायचे. प्रत्येक शुक्रवारी नवा, आधीच्यापेक्षा तिखट. महादेव एकाला उत्तर शोधून यायचा तोवर दुसरा तयार असायचा. थंडी पडेपर्यंत मात्र गडी पक्का झाला. नजर वर ठेवायला लागला. एकदा तर आपांना निरुत्तर करून स्वतःच घाबरला.

भेटीची वेळ आपांनीच मिळवली. आमच्या कंपनीतल्या माणसांचा विमा त्यांच्या कंपनीकडे होता आणि तो नवा करायची बोलणी चालू होती. त्या निमित्ताने त्या मुदीरकडे जाणार, महादेवला बरोबर नेणार आणि मी एक नकाशा काखोटीला मारून मागे उभा राहणार, असं ठरलं. नकाशा कशाला, हे मला कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. यात आपांची नोकरी धोक्यात होती, हे मला नंतर सुचलं. विम्याच्या माणसाने गिऱ्हाईक कंपनीच्या कॅम्पात नाक खुपसलेलं कोणाला आवडणार? केबिनच्या दाराशी त्यांनी महादेवची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, “आत कोणी काहीही बोललं तरी माझ्याकडे बघून उत्तर दे.” हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

मुदीर वयस्कर ओमानी, डोक्यावर भरतकामाची गोल टोपी, कुम्मा, रुवीच्या बाजारात हिंदी दुकानदारांत वाढलेला, त्यामुळे त्याची हिंदी माझ्याहून सफाईदार होती. आधी खजूर, मग काहवा, म्हणजे अरबी कॉफी, मग घरच्यांची खुशाली. हे सगळं झाल्याशिवाय तिथे कोणी कामाचं बोलत नाही. विम्याचं थोडं बोलणं झालं. मग आपांनी महादेवकडे बघून मान हलवली. महादेव पुढे झाला. हात जोडले नाहीत.

“साब, तबियत बिगडे तो फोरमन की पर्ची के बिना क्लिनिक जाने दो.”

मुदीरने काहव्याचं फिंजान, ती बिनकानाची इवली वाटी, खाली ठेवलं. तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, मऊ, इस्त्री केलेला.

“नहीं हो सकता. पर्ची हटाई तो सारा कॅम्प क्लिनिक में जाकर बैठेगा. काम कौन करेगा?”

ते आपा बोलल्या होत्या. माझ्या हातातून नकाशा निसटला. मला वाटलं, झालं, संपलं, ही बाई फितूर निघाली. पण महादेव जागचा हलला नाही. तो आपांकडे वळला, हमरियात वळायचा तसाच, आणि म्हणाला, “फोरमन लकडी देखता है, साब. बीमार को नर्स देखेगी.” बाईला साब म्हणाला, कारण शुक्रवारी तसंच म्हणायचो.

“और जो झूठा निकला?”

“नर्स वापस भेजेगी. फोरमन का टाइम भी बचेगा.”

“नियम एक के लिए नहीं बदलता.”

“एक के लिए नहीं माँगता, साब. मैं तो गिर के उठ गया. दूसरा नहीं उठा तो?”

हे शेवटचं वाक्य तालमीत कधीच आलं नव्हतं. मुदीर एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या केबिनमध्ये त्याचंच भांडण चालू होतं आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. आपा पुढचा नकार द्यायला सरसावल्या तसा तो हात वर करून म्हणाला, “मॅडम, बस. आदमी मेरा है. मेरा आदमी कब बीमार है, ये इन्शुरन्सवाले बोलेंगे?” त्याने घंटी दाबून कॅम्पच्या माणसाला बोलावलं. आधी अरबीत, मग आमच्यासाठी हिंदीत सांगितलं, गर्मीच्या महिन्यांत पर्ची नाही, ज्याला बरं नाही त्याने सरळ क्लिनिकला जायचं, पुढचं पुढे बघू. खलास.

आपा बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. काहवा पुरे झाला की फिंजान हलवून परत द्यायचं, हे तिथे नवा आलेला माणूसही आठवडाभरात शिकतो. आपा तर तिथेच म्हाताऱ्या झालेल्या. पण त्यांनी फिंजान हलवलं नाही. काहवावाला ओतत राहिला आणि त्या पीत राहिल्या. शेवटी मीच त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

गाडीत महादेव मागे बसून हसत होता. आपांनी काय डोकं लावलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मुदीरला मुद्दाम डिवचलं, विमावाले नाही म्हणतात म्हटल्यावर तो हो म्हणणारच, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटला. मग मी शेजारी बघितलं. आपांनी सीटचा पट्टा हातात धरला होता, लावला नव्हता.

“मी त्याच्या बाजूने बोलले ना रे?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“ठरवून नाही बोलले. तोंडातून आलं.” मग खिडकीबाहेर बघत, “का ठरवलं होतं? मला आठवत नाही आता.”

दाराशी त्या महादेवला, माझ्याकडे बघून उत्तर दे, असं म्हणाल्या होत्या. म्हणजे ठरवलं असणार. पण घाबरलेल्या माणसाला धीर द्यायलाही कोणी हेच म्हणेल. आणि ते फिंजान? आणि गाडीतला हा प्रश्न? मी आजवर कितीतरी वेळा दोन्ही बाजू मांडून बघितल्या आहेत. सकाळी एक पटते, संध्याकाळी दुसरी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याबद्दल सगळं माहीत असतं आणि नेमकं हवं तेवढंच कळत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पेढे घेऊन गेलो. दार उघडलं. आपांनी पंजा पुढे धरला नाही. या, बसा म्हणाल्या, अगदी चारचौघींसारख्या. चहा झाला. एक केटरिंगवाला आपली अडचण घेऊन आला होता, तो उठून उभा राहिला, आपांच्या नकाराची वाट बघायला लागला. आपा म्हणाल्या, आज नुसता चहा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नुसता चहाच झाला. मी चिडलो. इतकं जिंकलो, आता कुठे लोकांना हिंमत आली, आणि तुम्ही दुकान बंद करता? माझा आवाज चढला असावा. त्या म्हणाल्या, “सुधीर, मला खुर्चीत बसलं की कळत नाही, मी खेळतेय की कामावर आहे. तुम्हाला शिकवताना माझंच काहीतरी पक्कं होत गेलं.” मला ते तेव्हा समजलं नाही. आता थोडं समजतं आणि त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. त्या दिवशी नुसता चहा पिऊन तरी मी बसायला हवं होतं.

ती थंडी संपायच्या आत त्यांची नोकरी गेली. आमच्या भानगडीमुळे नव्हे. ती जागा ओमानी माणसाला द्यायची असं ठरलं, आणि आपांनीच एका हसऱ्या ओमानी मुलीला सगळं काम शिकवून दिलं. ती मुलगी निरोपाच्या वेळी त्यांच्या गळ्यात पडून रडली म्हणे. आपा तिला काय शिकवून गेल्या, हो म्हणायला की नाही म्हणायला, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. राहून गेलं.

विमानतळावर सोडायला मी गेलो. सामान फारसं नव्हतं. हमरिया मागे पडलं, गाला आलं. इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न मी अखेर विचारला, आपा, त्या दिवशी ते मुद्दाम केलंत ना?

त्यांनी पर्समधला पासपोर्ट चाचपला. मग म्हणाल्या, “महादेव गेला का एकदा तरी क्लिनिकला?”

मी म्हटलं, अजून कुठे ऊन लागायला लागलंय? गरज कोणाला पडलीय?

“मग मला आत्ताच काय विचारतोस? नियम कागदावर हो म्हणतो. दाराशी काय म्हणतो ते कळू दे.” आत जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला नाही. तब्येतीला जप म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत गेल्या. मागे वळून बघतील म्हणून मी थांबलो होतो. बघितलं नाही.

त्या वर्षीचं ऊन लवकर आलं. साइटवरच्या लोखंडाला हात लावता येईना. एका दुपारी मी ड्रॉइंग बोर्डाशी असताना महादेवचा फोन आला. आवाज खोल गेलेला. तो म्हणाला, सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी येत होती, लघवी पुन्हा लाल दिसली. फोरमन पलीकडच्या मजल्यावर होता. आपण हातोडा खाली ठेवला, कॅम्पच्या गाडीत बसून निघून आलो, कोणाला विचारलं नाही.

“आता कुठे आहेस?”

“क्लिनिकात. आत. कॉटवर झोपवलंय मला. सलाइन लावणार आहेत, मग मोठ्या इस्पितळात पाठवणार.” मग म्हणाला, “भाऊ, आपांना सांगायला हवं होतं हो.”

मी म्हटलं, आपांचा गावचा नंबर माझ्याकडे नाही. इथला होता, तो बंद आहे.

“मग तुम्ही तरी ऐका,” तो म्हणाला, आणि त्याने फोन कानापासून लांब धरला असावा. एसीची घरघर ऐकू आली, कुठेतरी ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग नर्सचा. नाव काय, कधीपासून होतंय, कुठे दुखतंय, असं ती विचारत होती, आणि महादेव एकेक सांगत होता.